विश्लेषण : पोटमाळ्यावर पंखा बसवून घर थंड होते का?

मार्च उजाडला की साताऱ्यापासून सांगलीपर्यंतच्या पत्र्याच्या घरांत दुपारी बसवत नाही. मग चौकशी सुरू होते. हार्डवेअरवाला छपरावर वाऱ्याने फिरणारा ‘टर्बो’ दाखवतो. फॅब्रिकेटर पत्र्याला भोक पाडून एक्झॉस्ट फॅन लावून देतो म्हणतो. सोलरवाला ‘बिलाशिवाय चालणारा’ पंखा सुचवतो. तिघांचाही दावा एकच : पोटमाळ्यातली गरम हवा बाहेर गेली की खाली गारवा येईल. हे कितपत खरे आहे? छप्पर कशाचे आहे आणि पंखा किती वाजता चालणार आहे, या दोन गोष्टींवर त्याचे उत्तर अवलंबून आहे. पैकी दुसरी गोष्ट विकणारा सहसा सांगत नाही.

हा प्रश्न आताच का?

भारतीय हवामान विभागाच्या नोंदींनुसार १९०१ पासूनच्या वर्षांत २०२४ हे देशातले सर्वांत उष्ण वर्ष ठरले. पण साताऱ्या-सांगलीच्या घरांत उकाडा वाढण्याचे कारण केवळ हवामानात नाही. ते छपरातही आहे. जुनी मंगलोरी कौले उतरवून पत्रे घालण्याचा सपाटा गेली अनेक वर्षे सुरू आहे. कौले शाकारणारी माणसे मिळत नाहीत, वाई-महाबळेश्वरकडे माकडे कौले फोडतात, आणि वासे-रिपांचे लाकूड परवडत नाही. पत्रा एका दिवसात बसतो. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये मिळतात आणि घर किमान २५ चौरस मीटरचे असावे लागते. एवढ्या पैशांत स्लॅब बसत नसेल तर वर पत्राच येतो.

बातमीतला आकडा आणि घरातला आकडा हेही वेगळे असतात. हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास, हवेशीर लाकडी पेटीत, सावलीत असतो. सांगलीचे ‘३९’ म्हणजे त्या सावलीतले ३९. दुपारी दोन वाजता उन्हातला जुना पत्रा ६० ते ७० अंशांपर्यंत तापतो आणि त्याच्याखाली दीड-दोन मीटरवर कुणाचे तरी डोके असते. म्हातारी माणसे, तान्ही बाळे, बाळंतीण दिवसभर घरातच असतात. त्यामुळे पंख्याचा हा प्रश्न नुसत्या सोयीचा राहत नाही.

उष्णता खोलीत येते कशी?

पोटमाळ्यात गरम हवा कोंडते आणि ती खाली उतरते, असा बहुतेकांचा समज असतो. खरे तर गरम हवा वरच राहते. खाली येतात ते तापलेल्या पत्र्यातून निघणारे उष्णतेचे किरण. चुलीसमोर बसल्यावर हवा गार असली तरी तोंड भाजते, तसेच हे. या किरणांना हवा हलती आहे की थांबलेली, याने फरक पडत नाही.

आकडा काढून पाहू. पत्रा ६५ अंशांवर आणि त्याखालचे पीओपीचे किंवा प्लायवूडचे छत ४५ अंशांवर असेल, तर जुन्या गंजक्या पत्र्यातून दर चौरस मीटरला १०० वॅटपेक्षा जास्त उष्णता नुसत्या किरणांनी खाली येते. दहा बाय बाराची खोली म्हणजे सुमारे ११ चौरस मीटर. म्हणजे डोक्यावर हजार-बाराशे वॅटची इस्त्री दुपारभर चालू ठेवल्यासारखे झाले.

पोटमाळ्यातला पंखा ही इस्त्री बंद करत नाही. तो तिच्याभोवतीची हवा बदलतो. त्याने पोटमाळ्याची हवा बाहेरच्या हवेइतकी होऊ शकते, हेही काही कमी नाही. पण बाहेरचीच हवा ३९ अंशांवर असेल तर त्याहून गार तो काही आणू शकत नाही, आणि पत्रा तापलेलाच राहतो. परिणामी दुपारी छताखालच्या खोलीत फरक जाणवतो तो थोडासा. फॉल्स सीलिंग नसेल, म्हणजे खोली थेट पत्र्यापर्यंत उघडी असेल, तर आढ्याजवळ साचलेली गरम हवा निघून गेल्याने थोडा जास्त.

अमेरिकेत हे उपकरण फार जुने आहे, त्यामुळे तिथे मोजमापही झाले आहे. फ्लोरिडा सोलर एनर्जी सेंटरच्या संशोधकांनी २००० साली फोर्ट मायर्स गावात एकाच नकाशाच्या घरांवर वेगवेगळी छपरे घालून विजेचा वापर मोजला. गडद छपराच्या तुलनेत पांढऱ्या छपराच्या घरांत थंडाव्यासाठी लागणारी वीज साधारण पाचव्या ते चौथ्या हिश्श्याने कमी झाली. पांढऱ्या छपराला ना मोटार होती, ना भोक.

हवा आत कुठून येणार?

पंखा हवा बाहेर फेकतो, पण तितकीच हवा कुठून तरी आत यावी लागते. बहुतेक कामे इथेच फसतात. वर भोक पाडले जाते, वळचणीला मात्र फट ठेवली जात नाही, किंवा पाल-उंदीर-चिमण्या येतात म्हणून ती सिमेंटने बुजवली जाते. मग पंखा फिरतो, आवाज करतो, हवा मात्र हलत नाही. किंवा जिथून सापडेल तिथून तो ती ओढतो : फॉल्स सीलिंगच्या दिव्यांच्या भोकांतून, दाराच्या फटीतून. खाली एसी असेल तर त्याने विकत घेतलेला गारवा हा पंखा वर ओढून छपराबाहेर फेकतो आणि दोन्हींचे बिल आपण भरतो.

तासगाव, कवठेमहांकाळच्या बाजूला बेदाणा शेड पाहिलेल्या माणसाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. द्राक्षे तिथे सावलीत, जाळ्यांच्या थरांवर वाळतात. वर छप्पर, चारही बाजू मोकळ्या. शेडला गारवा नको असतो, हलती कोरडी हवा हवी असते, आणि ती एका बाजूने येऊन दुसरीकडून जाते म्हणूनच बेदाणा वाळतो. त्याच शेडला तीन बाजूंनी भिंती घालून आढ्याला एक फिरता टर्बो लावून दिला, तर किती शेतकरी त्यात माल टाकतील?

साधा नियम असा, की हवा बाहेर जाण्याच्या भोकाइतकी, शक्यतो त्याहून जास्त, जागा हवा आत येण्यासाठी मोकळी हवी. जाळी लावली तर आणखी जास्त, कारण बारीक जाळीतून हवा बरीच कमी जाते.

कुठला पंखा कधी चालतो?

बाजारात तीन प्रकार मिळतात आणि तिघांचे घड्याळ वेगळे आहे.

वाऱ्याने फिरणारा टर्बो विजेशिवाय चालतो. वारा आणि आतली गरम हवा वर चढण्याचा रेटा, या दोहोंवर तो फिरतो. गोदामे, पोल्ट्री, वर्कशॉपच्या उंच शेडवर तो ठीक काम करतो, कारण तिथे उंची मिळते आणि दारे मोठी असतात. घराच्या बुटक्या छपरावर रेटा कमी पडतो. आणि वारा? साताऱ्याच्या डोक्यावर चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारांवर पवनचक्क्यांची रांग आहे. त्या वर्षातल्या विजेचा मोठा हिस्सा जून ते सप्टेंबरच्या वाऱ्यावर तयार करतात. टर्बोही तेव्हाच जोरात फिरेल, म्हणजे आपण गोधडी घेऊन झोपलेले असताना.

सोलर पंख्याची अडचण याहून मोठी आहे. बॅटरी नसलेला सोलर पंखा भर दुपारी सर्वांत जोरात फिरतो आणि सूर्य मावळला की थांबतो. दुपारी बाहेरची हवा आतल्याइतकीच तापलेली असते आणि मावळतीनंतर ती गार होऊ लागते. म्हणजे जेव्हा हवा बदलण्याचा खरा फायदा असतो, नेमका तेव्हा हा बंद.

राहिला विजेवरचा साधा एक्झॉस्ट फॅन. दिसायला सर्वांत ओबडधोबड, पण आपल्याला हव्या त्या वेळी चालवता येतो. या दोन जिल्ह्यांत तोच कामाचा आहे, मात्र तो दुपारी नव्हे, रात्री चालवायला हवा. का, ते पुढे पाहू.

रात्रीची हवा का महत्त्वाची?

कोकणात, मुंबईत उन्हाळ्यातली रात्रही दमट आणि गरम असते. साताऱ्या-सांगलीचे तसे नाही. सातारा शहर समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या वर आहे, सांगली साडेपाचशेच्या आसपास. मार्च-एप्रिलमध्ये दुपारी पारा ३७ ते ४० ला टेकला तरी पहाटे तो बहुतेक दिवशी २० ते २३ पर्यंत उतरतो. दिवस-रात्रीतला हा पंधरा-सोळा अंशांचा फरक या भागाला फुकट मिळालेला आहे. संध्याकाळी घाटाकडून झुळूक सुटली की अंगण, ओटा, गच्ची गार होते. घर मात्र होत नाही, कारण भिंती आणि स्लॅब दिवसभर शोषलेली उष्णता रात्री आत सोडत राहतात. रात्री दहाला गच्चीवर वारा आणि खाली खोलीत घाम, हा अनुभव त्याचाच.

इथे पंख्याची भूमिका बदलते. तो पोटमाळ्याची नाही, संपूर्ण घराची हवा बदलण्यासाठी वापरायचा. छताला किंवा भिंतीच्या वरच्या अंगाला पंखा, तोंड बाहेर. त्याच्यापासून दूरची, शक्यतो सावलीच्या बाजूची खिडकी उघडी. पंखा आतली गरम हवा वरून बाहेर फेकतो आणि गार हवा खिडकीतून झोपलेल्या माणसांवरून आत येते. अमेरिकेत या दोन गोष्टींना नावेही वेगळी आहेत. पोटमाळ्याची हवा काढतो तो ‘अ‍ॅटिक फॅन’ आणि खोल्यांची हवा पोटमाळ्यावाटे बाहेर काढतो तो ‘होल हाउस फॅन’. तिथला ऊर्जा विभाग दुसऱ्याची शिफारस करतो ती जिथे रात्री गार पडतात अशा भागांसाठी. आपल्याकडे दुकानात दोन्ही ‘एक्झॉस्ट’ म्हणूनच विकले जातात, त्यामुळे गोंधळ होतो.

पाचशे चौरस फुटांचे, दहा फूट उंचीचे घर धरा. त्यात सुमारे १४० घनमीटर हवा मावते. डब्यावर ‘तासाला १००० घनमीटर’ लिहिलेला पंखा कागदावर तरी साधारण साडेआठ मिनिटांत ही सगळी हवा बदलतो. जाळी, ग्रिल, वळणे यांमुळे प्रत्यक्षात वेळ दुप्पट लागला तरी तासाला तीन-चारदा हवा बदलली. सकाळी सात-साडेसातला खिडक्या आणि पडदे बंद करायचे, की हा गारवा दुपारपर्यंत काही प्रमाणात टिकतो. जाड भिंतींच्या घरात जास्त टिकतो, पत्र्याच्या पडवीत फारसा नाही. वाड्यांमधल्या जुन्या बायका दुपारी खिडक्या लावून घेत आणि संध्याकाळी सगळ्या उघडत, त्यामागेही हेच कारण होते. पंख्याने फक्त वेग येतो.

या उपायालाही मर्यादा आहे. काही रात्री तापमान उतरतच नाही. दिवसा ४० अंश किंवा जास्त असताना रात्रीचा पारा सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा अधिक वर राहिला, तर हवामान विभाग त्याला ‘उष्ण रात्र’ म्हणतो. अशा रात्री बाहेरून गार हवा मिळत नाही. मेच्या शेवटी मळभ दाटते तेव्हाही फायदा कमी होतो. शिवाय खिडक्या उघड्या ठेवायच्या तर डास आणि चोर, दोघांचाही विचार करावा लागतो.

आपले छप्पर कोणते?

कौलारू घर असेल तर पंख्याचा विचार बहुधा सोडून द्यावा. कौलांच्या सांध्यांतून हवा मुळातच खेळते. पंखा लावला तर तो शेजारच्या चार कौलांच्या फटीतून हवा ओढून पुन्हा बाहेर टाकत बसेल, खालच्या खोलीला त्याचा पत्ताही लागणार नाही. कौले उतरवून पत्रा घालायच्या विचारात असाल तर मात्र दहादा विचार करा. त्या एका निर्णयाने दुपारचे जेवढे नुकसान होते, तेवढे नंतर कुठलाही पंखा भरून काढत नाही.

माण, खटाव, जत, आटपाडीकडची माळवदाची घरे याच्या दुसऱ्या टोकाला. वर हातभर मातीचा थर, त्यामुळे दुपारचे ऊन आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते. धूर आणि गरम हवा जायला वर सवणे. अशा घरात सवण्याखाली रात्री छोटा पंखा लावला तरी पुरे. माळवद गळते म्हणून वर पत्रा टाकायचा असेल तर माती न काढता, मध्ये हवा खेळेल एवढी उंची सोडून टाकावा. पत्रा मग छत्रीचे काम करतो.

पत्र्याच्या घरात, खाली फॉल्स सीलिंग असो वा नसो, आधी पत्रा कमी तापेल असे पाहावे आणि मग पंखा लावावा. सिमेंटच्या पत्र्यांबाबत एक सावधानता आवश्यक आहे : जुन्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असते. त्यांना टर्बोसाठी कटरने भोक पाडताना उडणारी धूळ फुप्फुसात गेली तर ती कायमची आजारी करू शकते. असे पत्रे कापू नयेत. पंखा भिंतीतून काढावा. त्यावर चढणेही धोक्याचे असते, पाय ठेवला की पत्रा तुटतो.

स्लॅबच्या घराला पोटमाळाच नसतो, त्यामुळे ‘अ‍ॅटिक फॅन’चा प्रश्न येत नाही. स्लॅब दुपारी तापतो आणि चार-सहा तासांनी, म्हणजे रात्रीच्या जेवणाच्या सुमारास, ती उष्णता खाली सोडतो. तिथे गच्ची पांढरी करणे आणि रात्री हवा बदलणे, हे दोनच उपाय. सांगली-मिरजेत गच्चीवर पत्र्याचे शेड घालण्याची चाल आहे. बाजू उघड्या असतील तर ते उत्तम सावली देते. बाजूंना भिंती घालून त्याची खोली केली की तिथे भट्टी होते. असे शेड घालण्यापूर्वी महापालिकेची परवानगी विचारावी.

पंख्याआधी पैसे कुठे घालावेत?

पहिला खर्च पांढऱ्या रंगाचा. स्लॅबला चुन्याचा हात मारला तर सामान शेकड्यांत येते. पहिल्या पावसात तो धुऊन जातो, म्हणजे दर मार्चला पुन्हा. टिकाऊ हवे तर छतासाठीचा पांढरा अ‍ॅक्रिलिक रंग किंवा चायना मोझॅक. पत्र्यावर मात्र चुना लावू नये. ओला चुना जस्त आणि अ‍ॅल्युमिनियमचा थर खातो, दोन-तीन उन्हाळ्यांत पत्रा गंजू लागतो. पत्र्यासाठी रंगच वापरावा.

दुसरा खर्च चंदेरी फॉइलचा. पत्र्याखाली लावायचे हे फॉइल किरणे सोडतच नाही, म्हणून वर म्हटलेल्या इस्त्रीची धग खूपच कमी होते. अट एवढीच, की चमकती बाजू खाली, मोकळ्या हवेकडे असावी. ती छताला चिकटवून टाकली तर उपयोग शून्य. चमकती बाजू वर करून पसरली तर धूळ बसते आणि वर्षभरात चमक जाते. विकणारे हे क्वचितच सांगतात.

पूर्वेकडच्या कोरड्या तालुक्यांत कूलर चांगला चालतो, आणि त्याला पंख्याची जोड खरोखर उपयोगी पडते. कूलर लावून खिडक्या बंद केल्या की खोलीत ओल साचते आणि घाम वाळत नाही. कूलरची हवा खोलीतून वर पोटमाळ्यात आणि तिथून बाहेर जाऊ दिली तर खोली कोरडी राहते आणि पोटमाळाही निवतो. पण कूलरला रोज कित्येक बादल्या पाणी लागते. टँकरची वाट पाहणाऱ्या गावात हा सल्ला देणे म्हणजे चेष्टाच.

बिल किती वाढेल?

६० वॅटचा पंखा रात्री आठ ते सकाळी सहा चालला तर रोज ०.६ युनिट, महिन्याला १८. सगळे आकार धरून युनिटला दहा रुपये असे सोयीसाठी मानले तर महिन्याला १८० रुपये. एक टनाचा एसी साधारण एवढी वीज तीन-चार रात्रींत खातो. ‘शंभर युनिटांच्या वर गेलो की सगळ्याच युनिटांना वरचा दर लागतो’ ही समजूत मात्र चुकीची आहे. महावितरणच्या घरगुती दरात वरचा टप्पा फक्त शंभराच्या पुढच्या युनिटांना लागू होतो.

धोके कोणते?

सर्वांत गंभीर धोका गॅस गिझरचा. दारे-खिडक्या बंद आणि घरातून हवा ओढणारा पंखा चालू, अशा वेळी गिझरचा धूर बाहेर जाण्याऐवजी उलटा घरात खेचला जाऊ शकतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस बेशुद्ध होईपर्यंत कळत नाही. चुलीचेही तसेच. खिडकी उघडल्याशिवाय पंखा सुरू करायचा नाही, आणि गिझर चालू असताना तर पंखा बंदच, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवावे लागते.

दुसरा धोका पावसाचा. पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या पट्ट्यात छपराला पाडलेले प्रत्येक भोक ही गळती असते. तिथे उकाड्याचे दिवसही थोडे, त्यामुळे छपराऐवजी गॅबलच्या, म्हणजे त्रिकोणी भिंतीच्या, वरच्या भागात पंखा बसवणे शहाणपणाचे.

सांगलीत कृष्णाकाठी पोटमाळ्याला आणखी एक काम आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले, इथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २००५, २०१९, २०२१ या तिन्ही पुरांत धान्य, गाद्या, कागदपत्रे माळ्यावर चढवली गेली. तेव्हापासून अनेक घरांत माळा कायमचाच भरलेला असतो. अशा ठासून भरलेल्या माळ्यातून हवा जात नाही, आणि उघडी वायर असलेला पंखा गाद्यांना टेकून ठेवणे म्हणजे आगीला आमंत्रण. तिथेही पंखा भिंतीतच बरा. त्याची वायरिंग वेगळ्या एमसीबीवर घ्यावी.

आणि एक आरोग्याची बाब. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार खोलीचे तापमान ४० अंशांच्या वर गेले की पंख्याचा वारा अंग निववण्याऐवजी तापवतो. पत्र्याखाली दुपारी हा आकडा सहज गाठला जातो. अशा वेळी म्हाताऱ्या माणसाला पंख्याखाली झोपवण्यापेक्षा ओला पंचा, पाणी आणि शेजारच्या स्लॅबच्या किंवा कौलाच्या घरातली जागा जास्त उपयोगाची.

सरकारी योजनांत छपराला जागा आहे का?

छपराखालच्या उष्णतेवर धोरण करणारी राज्ये थोडी आहेत. अहमदाबादने २०१० च्या उन्हाळ्यातील मृत्यूंनंतर २०१३ मध्ये देशातला पहिला शहरी उष्णता कृती आराखडा आणला आणि पुढे वस्त्यांतील छते पांढरी करण्याचे काम त्यात आले. तेलंगणाने २०२३ मध्ये ‘कूल रूफ’ धोरण जाहीर करून २०२८ पर्यंत ३०० चौरस किलोमीटर छतांचे उद्दिष्ट ठेवले. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची ‘इको निवास संहिता’ २०१८ पासून आहे. तिच्यानुसार छतातून झिरपणाऱ्या उष्णतेचे मूल्य १.२ च्या आत हवे. नुसत्या स्लॅबचे ते तीनच्या आसपास असते. पण ही संहिता ५०० चौरस मीटर किंवा मोठ्या भूखंडांवरील प्रकल्पांसाठी आहे. घरकुलाच्या २५ चौरस मीटरला ती शिवतही नाही, आणि सर्वांत जास्त उकडते ते तिथेच.

सध्या ज्या योजनेतून छपराला हमखास पैसा मिळतो ती ‘पीएम सूर्यघर’. फेब्रुवारी २०२४ पासून सुरू झालेल्या या योजनेत एक किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा त्याहून अधिकला ७८ हजार रुपये अनुदान आहे. योजना विजेची, पण एक जोडफायदा तिच्या जाहिरातीत दिसत नाही. एक किलोवॉटचे पॅनेल साधारण शंभर चौरस फूट गच्ची सावलीत आणते. २०११ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगोतील अभ्यासात पॅनेलखालच्या छताचे तापमान दिवसा सुमारे तीन अंशांनी कमी आढळले होते. स्लॅब आहे आणि बिलही बऱ्यापैकी येते, अशा घराने सोलर पंख्याच्या नादी लागण्यापेक्षा हा अर्ज भरावा, आणि पॅनेल झोपण्याच्या खोलीवर येतील अशी मांडणी मागावी. भाड्याने राहणाऱ्याला यातले काहीच करता येत नाही. त्याच्या हाती उरतो तो भिंतीतला किंवा खिडकीतला, घर सोडताना काढून नेता येणारा पंखा.

ठरवायचे कसे?

शंभर-दीडशे रुपयांचे दोन तापमापक पुरतात. एक झोपण्याच्या खोलीत, दुसरा बाहेर सावलीत. तीन दिवस दुपारी तीन, रात्री नऊ आणि पहाटे पाचला आकडे लिहून काढायचे. रात्री नऊला खोली बाहेरपेक्षा तीन-चार अंशांनी किंवा जास्त गरम असेल, तर रात्रीचा पंखा फायद्याचा. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे असतील तर पंख्याने काही होणार नाही. दुपारी तीनला खोली बाहेरपेक्षा बरीच तापलेली असेल तर दोष छपराचा आहे, तेव्हा आधी रंग आणि फॉइल. पंख्याचे भोक पाडण्यापूर्वी साधा टेबलफॅन खिडकीत बाहेर तोंड करून एक रात्र चालवून पाहावा आणि दुसऱ्या खिडकीत उदबत्ती धरावी. धूर आत वळला तर हवेला वाट आहे.

छपराचे कोणतेही काम एप्रिलच्या आत उरकावे. २०२५ मध्ये मान्सून २४ मेला केरळात आणि दुसऱ्याच दिवशी कोकणात पोचला. छपराला भोके पाडून सिलिकॉन सुकण्याची वाट पाहणाऱ्यांना त्या वर्षी प्लास्टिकचा कागद शोधावा लागला असणार.